बुडाल्याचा दाखला

सांगलीत कृष्णेचं पाणी मोजायचं काम आयर्विन पुलाकडं आहे. पूल १९२९ सालचा, पण हिशेबाला चोख. ४० फुटांवर इशारा देतो, ४५ फुटांवर धोका सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेही त्यानं निमूट नोंदवलं. मात्र पाणी किती चढलं एवढंच पुलाला कळतं. कुणाच्या घरात ते किती वेळ मुक्कामाला होतं, हे कळायला शासन निर्णय लागतो. तो त्याच सुमाराला निघाला. दोन दिवसांपेक्षा अधिक काळ क्षेत्र पाण्याखाली असेल, तर कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत.

दोन दिवसांपेक्षा अधिक! ज्याच्या घरात पाणी दीडच दिवस राहिलं, त्याचं काय? त्याचा घरातला गहू नदीनं नेला आणि सरकारी गहू घड्याळानं. अशा माणसानं खरं तर पाणी उतरायला लागल्यावर उंबऱ्यात उभं राहून हात जोडायला हवे होते : ‘कृष्णामाई, एवढी घाई करू नकोस. अजून अर्धा दिवस थांब. तलाठी यायचाय.’

बरं, गहू मिळाला तरी तो गहूच. पीठ नव्हे. गिरणीत चिखल, गिरणीवाला शाळेत मुक्कामाला, वीज कधी येईल ते महावितरणच्या वायरमनलाही ठाऊक नाही. हा गहू दळायचा कुठं? निकष लिहिणाऱ्याला एवढंही कळत नसेल असं मानायला आपण तयार नाही. रकान्यात दळण बसत नसेल, इतकंच.

ओरड झाली, खुलासे झाले. रोख मदत जाहीर झाली : ग्रामीण भागात कुटुंबामागं १० हजार, शहरात १५ हजार, त्यातले ५ हजार हातात आणि बाकीचे बँकेत. पूरग्रस्ताला दुकान कुठं आहे ते माहीत असतं आणि आपल्या घरात काय संपलंय तेही त्याला कळतं, हा शोध सरकारला लागला म्हणायचा.

पण आपलं भांडण त्या एका आदेशाशी नाही. तो आदेश आज काढला काय आणि उद्या मागं घेतला काय. पक्ष बदलले, सरकारं बदलली, इंग्रजसुद्धा गेले, तरी एक रीत जागची हलली नाही. संकटात पुरावा द्यायचा तो घेणाऱ्यानं. देणाऱ्यानं नुसतं द्यायचं आणि निघायचं.

दहा मैल चाला, मग भूक मान्य

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला पडला, त्यात सातारा जिल्हा होरपळला. तेव्हा तासगाव, वाळवा हेही साताऱ्याचेच तालुके होते. व्हाइसरॉय लिटननं दुष्काळावर देखरेख करायला सर रिचर्ड टेंपल या साहेबांना धाडलं. साहेबांवर आधी एक डाग होता. बिहारच्या दुष्काळात त्यांनी फार खर्च केला आणि फारशी माणसं मरू दिली नाहीत, म्हणून वरच्यांनी त्यांना फैलावर घेतलं होतं. तो डाग पुसायची संधी इथं मिळाली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एक पौंड धान्य आणि वर आणा-अर्धा आणा पुरे, असा त्यांनी हिशेब मांडला. पुण्याची सार्वजनिक सभा अर्जावर अर्ज लिहीत राहिली. साहेबांचा पौंड काही वाढेना.

जोडीला कसोटी होती अंतराची. काम घराजवळ द्यायचं नाही, दहा मैलांच्या पलीकडं द्यायचं. खरा उपाशी असेल तो चालत येईल, हे त्यामागचं शास्त्र. खरा उपाशी असेल तो तिसऱ्या मैलावर झाडाखाली बसेल, हे माणदेशातल्या कुठल्याही म्हातारीनं साहेबाला फुकटात सांगितलं असतं. पण म्हातारीला विचारण्याची पद्धत तेव्हाही नव्हती.

दहा मैलांचे दोन दिवस झाले. मापं तेवढी बदलली.

म्हशीची हजेरी

२०१९ च्या ऑगस्टातली गंमत बघा. सांगलीत मारुती चौकात होड्या फिरत होत्या आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला टँकर चालू होते. शेजारी साताऱ्याच्या माण तालुक्यात चारा छावण्या होत्या. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या एका टेबलावर पुराची फाइल, दुसऱ्यावर दुष्काळाची. दोन्ही फायलींत प्रश्न मात्र एकच : पुरावा काय?

छावणीत मोठ्या जनावरामागं दिवसाला १०० रुपये अनुदान होतं. त्यासाठी त्या वर्षी जनावरांना बारकोड आले. रोज मोबाइलवर स्कॅन करायचं, मग म्हैस हजर. का? तर आधीच्या दुष्काळात छावण्यांत नसलेली जनावरं कागदावर चरली होती. म्हणजे चारा खाल्ला छावणीवाल्यांनी आणि बिल्ला लागला म्हशीला. कागदावरची म्हैस जन्माला घालणाऱ्यांच्या कानात कुणी बारकोड टोचल्याचं ऐकिवात नाही.

माणसांची गत काही वेगळी नाही. जानेवारी २०२० मध्ये शिवभोजन थाळी आली. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ती ५ रुपयांवर आली, पुढं काही महिने फुकटही मिळाली. योजना चांगली, चव बरी. फक्त जेवायच्या आधी ॲपवर फोटो. पाच रुपयांचं जेवणारा कॅमेऱ्याकडं बघून सिद्ध करायचा की आपल्याला भूक आहे. पाचशे रुपयांची थाळी जेवणाराही फोटो काढतो, पण तो थाळीचा. चेहरा दाखवायची सक्ती ताटाच्या किमतीप्रमाणं बदलते.

रेशनच्या दुकानात अंगठा. ज्यानं चार महिने ऊस तोडलाय त्याच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत आणि मशिनला तर रेषाच खायला लागतात. मशिनला रेषा मिळाल्या तर नेटवर्क मिळत नाही. दुकानदार म्हणतो, ‘उद्या या.’ पोट म्हणतं, ‘आलोच आहे.’

ही खोड आपलीच आहे असं समजून उगाच लाजू नका. जॉर्डनमध्ये झातारी नावाची सीरियातल्या निर्वासितांची मोठी छावणी आहे. तिथं २०१६ पासून बायका किराणा घेतात आणि गल्ल्यावर पैशाऐवजी डोळा दाखवतात. यंत्र बुबुळ वाचतं, खात्यातून रक्कम वजा होते. निदान तिथं घ्यायचं काय, ते ती बाई ठरवते. तांदूळ की डाळ, हा निर्णय तिचा. आपल्याकडं डोळा घेऊनही गहूच देतील.

पिशवीवरचे दोन चेहरे

घेणाऱ्याची एवढी तपासणी होते, आता देणाऱ्याकडं वळू. त्याच पुरात इचलकरंजीकडं सरकारी गहू-तांदळाच्या पिशव्या निघाल्या, त्यांवर मुख्यमंत्र्यांचा आणि स्थानिक आमदारांचा फोटो असलेलं स्टिकर होतं. माणसं पत्र्यावर बसून होडीची वाट बघत होती आणि कुठल्या तरी छापखान्यात रंगीत स्टिकरची चार रंगांत जुळणी चालू होती. विचार करा : डिझाइन आलं, मुद्रितशोधन झालं, ‘साहेबांचा हा नको, तो हसरा फोटो घ्या’ झालं, छपाई झाली, चिकटवणं झालं. आपत्ती व्यवस्थापनात इतकं वक्तशीर काम दुसरं कुठलं झालं असेल तर दाखवा. बोंब उठल्यावर नेत्यांना खुलासे द्यावे लागले, एवढी एक बरी गोष्ट.

जलसंपदामंत्र्यांचा होडीतला व्हिडिओही त्याच दिवसांतला. मागं बुडालेली सांगली, पुढं हात हलवणारी हसरी मंडळी. मंत्री मदतीसाठीच आले होते, हे मान्य करायला आमची हरकत नाही. पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि बायका-पोरांसह डझनावर जीव गेले. ज्या गावाला वेळेवर सरकारी होडी मिळाली नाही, त्या गावानं मंत्र्यांच्या होडीत किती जागा रिकामी आहे ते पडद्यावर मोजलं. त्याला गावाचा इलाज नाही.

मात्र पुढाऱ्यांना हसून आपण सुटलो असं कुणी समजू नये. पुढाऱ्याचं स्टिकर होतं, आपला बॅनर होता. मंडळाचा, बँकेचा, वर्गमित्रांच्या ग्रुपचा, सोसायटीचा. कृष्णाकाठच्या शाळाशाळांतून तेव्हा साधारण असा संवाद चाले :

“आजी, पिशवी जरा वर धरा. हां. इकडं बघा.”

“धरली, बाळा. आता खाली ठिवू का? हात भरून आला.”

“एकच मिनिट, आजी. बॅनर वाकडा झालाय.”

बॅनर सरळ होतो. फोटो निघतो. आजी पिशवी उघडतात. आत पाच किलो आटा, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, तिखट, चहा, साखर, बिस्किटं, मेणबत्ती आणि काडेपेटी. सगळं नीट, सगळं मोजून. आजी एकेक वस्तू बाकावर मांडतात, काडेपेटी हलवून बघतात.

“समदं बेस हाय रं. पर चूल कुठं पेटवू? ह्या वर्गात?”

फळ्यावर सातचा पाढा तसाच आहे. खोलीत पाच कुटुंबं आहेत. व्हरांड्यात ओलं सरपण आहे आणि मुख्याध्यापकांची ‘शाळेत जाळ करू नये’ ही सूचना आहे. आजींचा गॅसचा सिलिंडर पुरात कुणाच्या दारात जाऊन लागला ते त्यांना अजून कळलेलं नाही.

“आन् म्हशीला काय घालू? बिस्कुट?”

“जनावरांचं दुसरी संस्था बघते, आजी.”

ती दुसरी संस्थाही तेव्हा कुठं तरी बॅनर सरळ करत असणार.

डांबरावरची दया

मदतीचा ट्रक डांबरी रस्ता सोडत नाही, हा निसर्गनियम समजावा. पहिल्या गावाच्या वेशीवर माणसं हात करतात, पोरांना घाई असते, संध्याकाळी परत पुण्याला पोचायचं असतं. पिशव्या तिथंच उतरतात. दुसरा ट्रक येतो, तोही तिथंच. संध्याकाळपर्यंत त्या गावात बिस्किटांच्या पुड्यांची थप्पी लागते आणि चार मैल आत मळीच्या रानाकडल्या वस्तीवर पोरं कोरा चहा पिऊन झोपतात. त्यात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. हजारो ट्रक रस्त्यावर उभे. कुणाच्या ट्रकमध्ये औषध, कुणाच्या ट्रकमध्ये पाण्याच्या बाटल्या. सगळीकडं पाणीच पाणी, आणि प्यायचं पाणी ट्रॅफिकमध्ये.

मग कपडे. आपल्या मोलकरणीनं दिवाळीत नाकारलेली साडी पूरग्रस्त भगिनीला चालेल, हा आत्मविश्वास येतो कुठून? गठ्ठेच्या गठ्ठे आले. त्यात बाह्या नसलेले सदरे, चेन तुटलेल्या पँटी, एका पायाचे बूट. कृष्णाकाठचा शेतकरी चिखल उपसताना ब्लेझर घालत नाही, याची दात्यांना कल्पना नसावी. गावांनी आधी घरातला चिखल काढला, मग हे कपडे काढले. दुसरं काम जास्त दिवस चाललं.

आणि हवं काय होतं? फावडी, खराटे, फिनेल, ताडपत्री, चिखल ओढणारे पंप, कडबा. जनावरं सोडून माणसं घर सोडायला तयार नव्हती, कारण म्हैस गेली की घर उभं असून नसल्यासारखं. हे कुणालाही गावात फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं आणि ‘कडबा’ हे उत्तर स्टेटसला शोभत नाही.

एका मदतीबद्दल मात्र शब्द मागं घेऊन बोलायला हवं. घाटावरच्या गावागावांत बायकांनी रात्र रात्र भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, फडक्यात बांधून पाठवल्या. भाकरीला चूल लागत नाही, गिरणी लागत नाही, लगेच तिचं काही बिघडत नाही. थापणारीनं आपलं नाव टाकलेलं नसतं. भाकरीवर स्टिकरही चिकटत नाही. मराठी मुलखात आपत्ती व्यवस्थापनाचं खातं सरकारनं काढायच्या कितीतरी आधीपासून हे खातं चालू आहे, आणि त्याला अजून कुणी मंत्री नेमलेला नाही म्हणून ते चालू आहे.

संकलन चालू आहे

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात डोंगर खाली आले. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. वाचलेली मिरगावची माणसं कोयनानगरच्या शाळेत आली. शाळेत दौरे आले, किट आली, घोंगड्या आल्या. दोन आठवड्यांनी नीरज चोप्रानं टोकियोत भाला फेकला आणि कॅमेरे तिकडं गेले. भूस्खलनग्रस्तांचं कायमचं पुनर्वसन भाल्याच्या वेगानं होत नसतं.

या खोऱ्याला हे नवं नाही. कोयना धरणात १९६० च्या आगेमागे इथली गावं बुडाली. महाराष्ट्रात दिवे लागले. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंपानं कोयनानगर झोपेत गाडलं. त्या धरणग्रस्तांना २०१८ मध्ये कोयनानगरला पुन्हा ठिय्या मांडून बसावं लागलं, नातवंडांना मांडीवर घेऊन. त्यांच्या मागण्यांत एक मागणी होती : संकलन याद्या पूर्ण करा. म्हणजे कोण बुडालं, कुणाची किती जमीन गेली, कुणाला काय मिळालं, याची यादी. धरण बांधून व्हायला दहा वर्षं पुरली. त्यात कोण बुडालं ते लिहून काढायला साठ पुरेनात. इथं तर पाणी दोन दिवसांपेक्षा अधिक काळ राहिलंय, हे मान्य व्हायला हरकत नव्हती.

पोलंडची चूल

दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियाकडं हाकललेली पोलिश माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची वसाहत उभी राहिली. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. आजारी आणि अशक्त पोरांना साताऱ्याच्या पाचगणीत हवापालटाला ठेवलं. १९४८ पर्यंत ही वसाहत नांदली.

तिथं काय केलं होतं? कुटुंबाला खोल्या दिल्या, खोलीला स्वयंपाकघर दिलं आणि हातात भत्ता दिला. बाजारात जा, हवं ते घ्या, आपल्या चवीचं रांधा. आसपासचे भाजीवाले पोलिश बोलायला शिकले. जिचा देश गेला, घर गेलं, नवरा कुठं आहे ठाऊक नाही, तिला निदान आज जेवायला काय करायचं हे ठरवता येत होतं. निर्वासिताला याहून मोठी मदत काय असते?

लगेच गहिवरू नका. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर टाकला जात होता. आणि त्याच १९४३ मध्ये, त्याच राज्यकर्त्यांच्या अमलाखाली, बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. म्हणजे कसं वागायचं ते साहेबाला पुरतं कळत होतं. कुणाशी तसं वागायचं, तेही त्यानं ठरवलं होतं. २०१९ च्या पुरात ज्या जिल्ह्याला गव्हाची अट घातली, त्याच कोल्हापूर जिल्ह्यात महिन्याभरानं जुने पोलिश रहिवासी वळिवड्याला कृतज्ञता सांगायला आले. भाषणं झाली, अतिथी देवो भव झालं. घरचे देव तेव्हा पंचनाम्याच्या रांगेत होते.

तासगावचा तोडगा

हे सगळं उलटं करून दाखवणारा माणूस याच मातीतला. वि. स. पागे, सांगली जिल्ह्याचे, विधान परिषदेचे १९६० ते १९७८ सभापती. तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी प्रयोग केला आणि त्यातून रोजगार हमी आली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढं २००५ मध्ये दिल्लीनं तीच कल्पना देशाला दिली.

पाग्यांची मेख साधी होती. ज्याला गरज आहे तो काम मागेल. मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. गरज सिद्ध करायची नाही, मागायची. सिद्ध करायचं ते सरकारनं : वेळेत काम दिलं की नाही? टेंपलसाहेबाच्या अंतराच्या कसोटीला तासगावच्या माणसानं शंभर वर्षांनी उत्तर दिलं ते असं.

आणि पैसा? शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर. १९७५ पासून पगाराच्या चिठ्ठीवर गपचूप कापला जातो, आज वर्षाला फार तर अडीच हजार. मुंबईतल्या कारकुनाच्या पैशावर माणातल्या बाईच्या हाताला काम मिळालं आणि दोघांना एकमेकांचं नावही कळलं नाही. ना बॅनर, ना आभाराचा फलक. कारकून तर आजही विचारतो, ‘हे दोनशे कशाचे कापतात हो?’ याला म्हणतात दान.

रोजगार हमीत खोट्या हजेऱ्या झाल्या, ते आम्ही विसरलेलो नाही. पुरात न भिजलेल्या गल्लीतली मंडळीही किट घेऊन गेली असतील. चार लबाड पकडायला चारशे खऱ्यांना उन्हात उभं करायचं, की चार पिशव्या गेल्या म्हणून सोडून द्यायचं, हा हिशेब कुठल्याही घरच्या बाईला विचारा. पंगतीत कुणी आगंतुक बसला म्हणून ती सगळ्यांची पानं उचलत नाही.

तेव्हा पुढच्या आषाढ-श्रावणासाठी आमची एक सूचना. कृष्णा, कोयना, वारणा दर काही वर्षांनी येतातच, तयारीला वेळ आहे. पूरग्रस्तांचे अर्ज रद्द करावेत आणि त्या जागी खालील नमुना छापावा. छापखाना तयारच आहे, स्टिकरचा अनुभवही आहे.

जोडपत्र : मदत देणाऱ्यानं भरायचा अर्ज

१. आपण दिलेली वस्तू कुणी मागितली होती? मागणाऱ्याचं गाव लिहा. (‘मला वाटलं’ हे गाव धरलं जाणार नाही.)

२. ट्रक कुठं थांबला? ते ठिकाण डांबरी रस्त्यापासून किती आत? ‘शून्य’ असल्यास कारण द्या.

३. धान्य दिलं असल्यास ते दळायची व शिजवायची काय सोय केली? गिरणीचा दाखला जोडा.

४. कपडे दिले असल्यास, हेच कपडे घालून आपण मेहुण्याच्या लग्नाला जाल काय? होय / नाही.

५. जनावरांसाठी काय आणलं? (बिस्किटं सोडून.)

६. वाटपाला लागलेला वेळ व बॅनर सरळ करायला लागलेला वेळ, मिनिटांत.

७. पाणी ओसरल्यानंतर आपण त्या गावात दोन दिवसांपेक्षा अधिक काळ होता काय? नसल्यास आपण मदत केली असं मानलं जाणार नाही.

८. (फक्त शासकीय अर्जदारांसाठी) निकष ठरवणाऱ्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आजवर जास्तीत जास्त किती इंच पाणी आलं?

अर्ज दोन प्रतींत, रेशन कार्डाच्या झेरॉक्ससह, तलाठ्याच्या सहीनं सादर करावा. अंगठा उमटला नाही, नेटवर्क नसलं किंवा साहेब जेवायला गेले असले, तर उद्या यावं. खोटी माहिती आढळल्यास पुढच्या पुरात अर्जदाराला वरच्या मजल्यावर घेतलं जाणार नाही.

अर्जाला फोटो जोडू नये.